शालेय अभ्यासक्रमाची एकरूपता : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

१

साऱ्या देशातील विद्यार्थ्यांना एकच शालेय अभ्यासक्रम असावा की नसावा, हा वाद भारतात नवा नाही. १९६४–६६ च्या कोठारी आयोगापासून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत तो निरनिराळ्या निमित्तांनी उपस्थित झालेला आहे. त्याची चर्चा बहुधा राजकीय परिभाषेत होते. एक पक्ष राष्ट्रीय ऐक्याचा दाखला देतो, तर दुसरा प्रादेशिक अस्मितेचा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेला, तेव्हापासून ह्या वादाला केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारकक्षेचे स्वरूपही प्राप्त झाले. परंतु अभ्यासक्रम विद्यार्थ्यापर्यंत पोचतो तो भाषेच्या द्वारे, आणि ती भाषा सर्व विद्यार्थ्यांची सारख्याच अर्थाने ‘स्वतःची’ नसते, ही गोष्ट उभय पक्षांच्या विवेचनात गौण ठरते. एकरूपतेच्या कल्पनेचे परीक्षण ह्या बाजूने करणे अगत्याचे आहे. कारण तिचे खरे सामर्थ्य आणि तिची खरी मर्यादा ही दोन्ही येथेच प्रकट होतात.

२

प्रथम एकरूपतेचा पक्ष न्याय्य रीतीने मांडला पाहिजे. केवळ प्रशासकीय सोय किंवा बदलीच्या नोकरीतील पालकांची अडचण एवढ्यावर तो आधारलेला नाही. त्याचा पाया सामाजिक समतेचा आहे. मुलांमुलांच्या अभ्यासक्रमात भेद केला की त्या भेदाला श्रेष्ठकनिष्ठतेचे रूप येण्यास वेळ लागत नाही, हा ह्या देशाचा अनुभव आहे.

त्याचे ठळक उदाहरण तत्कालीन मद्रास राज्यातील आहे. १९५३ मध्ये मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना अमलात आणली. मुलांनी दिवसाचा काही भाग शाळेत घालवावा व उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय शिकावा, असे तिचे स्वरूप होते. समर्थकांच्या मते ही शिक्षणाची परिस्थितीशी घातलेली सांगड होती. विरोधकांनी मात्र तिला कुलपरंपरेचे शिक्षण म्हटले. कारण ज्या समाजात घरचा व्यवसाय जातीने ठरतो, तेथे घरचा व्यवसाय शिकणे म्हणजे आपली जात शिकणेच होय. तीव्र विरोध झाला, आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री होताच ही योजना रद्द झाली. ‘मुलाच्या परिसराला अनुरूप शिक्षण’ हे वचन ऐकावयास गोड असले, तरी ते कोणाच्या मुलाविषयी उच्चारले जाते हे विचारल्यावाचून स्वीकारता येत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

कोठारी आयोगाने पुरस्कारिलेली समान शाळापद्धती ह्याच जाणिवेतून आली. पुढे तामिळनाडूत राज्य मंडळ, मॅट्रिक्युलेशन, अँग्लो-इंडियन व ओरिएंटल अशा चार प्रकारच्या शाळांसाठी एकच अभ्यासक्रम लावणारा कायदा २०१० मध्ये झाला. सत्तांतरानंतर त्याची अंमलबजावणी थांबविण्याचा यत्न झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये ती करण्याचा आदेश दिला. ह्या मागणीमागेही मुख्यतः हीच प्रेरणा होती, की शुल्क भरणाऱ्याच्या मुलाने वेगळे काही शिकू नये.

मराठीच्या इतिहासातही एकरूप पाठ्यपुस्तकाचे ऋण मान्य करावे लागते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याने जी क्रमिक पुस्तके सिद्ध केली व ज्यांच्या भाषेवर मेजर टॉमस कँडी यांची नजर फिरली, त्यांच्यामुळे लेखनातील मराठीला स्थिर रूप येण्यास साहाय्य झाले. पुणेरी वळणाचा त्यात पक्षपात झाला हे खरे. तरीपण रत्नागिरीचा आणि नागपूरचा वाचक एकच ग्रंथ वाचू शकतो, ह्याचे श्रेय काही अंशी त्या पुस्तकांना आहे.

३

तेव्हा एकरूपतेची मागणी मुळातच त्याज्य आहे असे म्हणणे अविचाराचे होईल. प्रश्न आहे तो असा की, एकरूपता नेमकी कशात असावी? ‘अभ्यासक्रम’ ह्या एका शब्दाखाली निदान तीन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली, शिक्षणाच्या अखेरीस विद्यार्थ्याला काय यावे ह्याचा संकल्प. दुसरी, त्यासाठी निवडलेला आशय. तिसरी, त्या आशयात प्रवेश करण्याचा आरंभबिंदू, म्हणजे पहिल्या दिवशी मुलाला काय येते असे धरून चालले आहे ते.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने पहिल्या दोन गोष्टींपुरता विवेक दाखविला. त्याने समान गाभा आणि लवचीक उर्वरित भाग अशी विभागणी केली, आणि स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास, घटनात्मक कर्तव्ये, स्त्रीपुरुषसमानता, पर्यावरणरक्षण, वैज्ञानिक दृष्टी असे घटक गाभ्यात घातले. संपूर्ण एकसाचीपणा त्या धोरणाला अभिप्रेत नव्हता. परंतु तिसऱ्या गोष्टीचा स्वतंत्र विचार गाभ्याच्या ह्या कल्पनेत नाही. आरंभबिंदू सर्वांचा एकच, हे गृहीत जणू अनुच्चारितच राहिले.

४

ह्या गृहीताची परीक्षा एका उदाहरणाने करता येईल. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, धारणी व चिखलदरा ह्या तालुक्यांत, कोरकू भाषा बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात तिचे भाषक सुमारे ७ लक्ष २७ हजार होते. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील भाषा आहे. मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. मराठी माध्यमाच्या शाळेतील कोरकू मुलाच्या हाती मात्र पुण्याच्या मुलाला मिळते तेच मराठीचे पुस्तक येते, आणि त्या पुस्तकाच्या दृष्टीने मराठी ही दोघांचीही ‘प्रथम भाषा’ असते.

समजा, त्या पुस्तकात तीन साधी वाक्ये आहेत : दगड पडला, वीट पडली, लाकूड पडले. पुण्याच्या मुलाला ह्यांत केवळ अक्षरे शिकावयाची आहेत. ‘वीट’ स्त्रीलिंगी आहे, हे शाळेत येण्यापूर्वीच त्याच्या जिभेवर बसलेले असते. कोरकूत पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग असा त्रिविध भेद नाही. तेथील मुख्य भेद सचेतन व अचेतन असा आहे. दगड, वीट आणि लाकूड ही तिन्ही त्या मुलाच्या लेखी अचेतन, आणि म्हणून एकाच वर्गातली. त्याला अक्षरे शिकावयाची आहेत, शब्द शिकावयाचे आहेत, आणि ज्याचे प्रयोजन त्याला कोणी सांगत नाही असा लिंगभेदही शिकावयाचा आहे. तो ‘वीट पडला’ म्हणाला, तर त्या चुकीमागे एक सुसंगत व्याकरण आहे. परंतु गुणपत्रिकेवर ती बुद्धिमांद्य म्हणून उमटते. अशा रीतीने एकाच पानावर दोन मुले दोन निराळे अभ्यासक्रम शिकत असतात, आणि त्यांपैकी अधिक कठीण अभ्यासक्रम ज्याच्या वाट्याला येतो त्याला त्यासाठी अधिक वेळ मिळत नाही.

उलट बाजूही तितकीच लक्षणीय आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. पहिले सर्वनाम श्रोत्याला वगळते, दुसरे त्याला सामावून घेते. प्रमाण हिंदीत ‘हम’ ह्या एकाच रूपावर भागते. कोरकूत हा भेद आहे, एवढेच नव्हे तर तो द्विवचन आणि अनेकवचन अशा दोन्ही ठिकाणी पाळला जातो. म्हणजे ह्या एका बाबतीत कोरकू मूल मराठीच्या दाराशी आधीच उभे आहे. किंबहुना मराठीहून अधिक सूक्ष्म व्यवस्था त्याच्या नित्य वापरात आहे. तुलनात्मक व्याकरणाची जुजबी ओळख असलेला शिक्षक येथून आरंभ करू शकेल. एकरूप पुस्तकाला मात्र मुलाचे अज्ञान मोजता येते, त्याचे ज्ञान दिसत नाही.

५

२०२० च्या धोरणाने ही अडचण ओळखली आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व पुढेही, शिक्षणाचे माध्यम घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा असावे, असे ते म्हणते. मूळ इंग्रजी मजकुरात ह्या चार संज्ञांच्या मध्ये तिरप्या रेषा आहेत. त्या रेषांनी चारही संज्ञा पर्यायवाची ठरविल्या आहेत, आणि दोष नेमका येथे आहे. धारणीच्या मुलाची घरची भाषा कोरकू, तेथील बाजारात हिंदीचाही वावर, आणि प्रादेशिक भाषा मराठी. चार संज्ञांतून तीन वेगळ्या भाषा निघतात, आणि त्यांपैकी कोणतीही निवडली तरी धोरणाचे पालन झाले असे म्हणता येते. ज्या वाक्याचे उल्लंघनच होऊ शकत नाही, त्या वाक्याने कोणाचे रक्षण होत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात भाषांना आर-१, आर-२, आर-३ अशी नावे आहेत. त्यांचा अर्थ मूल ज्या क्रमाने साक्षर होते तो क्रम. ‘प्रथम भाषा’ ह्या संदिग्ध संज्ञेपेक्षा ही परिभाषा अधिक प्रामाणिक आहे, कारण ती घराविषयी काही गृहीत धरीत नाही. पण घर आणि शाळा यांतील अंतर तिने मिटत नाही.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये जो वाद झाला तोही ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासननिर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला, आणि विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. सहा वर्षांच्या मुलावर घरी न बोलली जाणारी भाषा लादू नये, हा विरोधकांचा एक प्रमुख मुद्दा होता, आणि तो शास्त्रशुद्ध होता. परंतु तोच मुद्दा मेळघाटात लावला तर तो मराठीला उद्देशून उभा राहतो. मराठीच्या कैवाऱ्यांनी हा निष्कर्ष स्वीकारण्याचे धैर्य दाखविले, तरच त्यांच्या युक्तिवादाला तत्त्वाची प्रतिष्ठा येईल. एरव्ही तो केवळ स्वभाषेचा अभिमान ठरेल.

६

ह्यावर येणारे आक्षेप दोन. पहिला व्यवहाराचा : इतक्या भाषांत पुस्तके आणि शिक्षक कोठून आणावयाचे? ह्याचे अर्धे उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे ‘बालभारती’ने, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी व तेलुगू ह्या आठ भाषांत पुस्तके काढली आहेत. त्यामुळे राज्याच्या अभ्यासक्रमाची एकात्मता भंगली, असे कोणी म्हटल्याचे दिसत नाही. तेव्हा भाषा अनेक असूनही अभ्यासक्रम समान राहू शकतो, हे तत्त्व राज्याने आधीच मान्य केले आहे. ते भिली, गोंडी व कोरकू यांच्यापर्यंत पोचत नाही, ह्याचे कारण भाषकसंख्या म्हणावे तर २०११ मध्ये देशात भिलीचे भाषक सुमारे १ कोटी ४ लक्ष व गोंडीचे सुमारे ३० लक्ष होते. खरे कारण हेच की, ह्या तीन भाषांना आठव्या अनुसूचीत स्थान नाही आणि त्यांच्या बाजूने बोलणारा प्रबळ वर्गही नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयी बोलतो. तो अनुसूचित आणि अननुसूचित असा भेद करीत नाही. ओडिशाने २००६–०७ पासून १० आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षणाचा उपक्रम सुरू केला व पुढे ती संख्या २१ वर नेली. मुलाने स्वभाषेत आरंभ करावा आणि क्रमाने ओडियात यावे, अशी त्याची रचना आहे. इच्छा असल्यास हे काम करता येते, एवढे त्यावरून निश्चित होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मद्रासच्या अनुभवातून येतो. कोरकू मुलाला कोरकूतून शिकविणे म्हणजे त्याला मेळघाटातच कोंडणे नव्हे काय? आरंभाची भाषा हीच अखेरची मर्यादा ठरणार असेल, तर हा आक्षेप निर्णायक आहे. म्हणूनच पूर्वोक्त तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते. १९५३ च्या योजनेने मुलाची अखेर बदलली होती. त्याला कोठे पोचावयाचे ते जन्मावर सोडले होते. येथे बदलावयाचा आहे तो आरंभ. आठवीच्या अखेरीस त्या मुलाला पुण्याच्या मुलाइतकेच मराठी, गणित व विज्ञान आले पाहिजे, ह्यात कोणतीही सवलत नको. ज्या योजनेत हे बंधन लिहिलेले नसेल ती योजना, मातृभाषेचे नाव घेणारी असली तरी, फेटाळावी.

७

तात्पर्य, ‘सर्वांना एकच अभ्यासक्रम असावा काय?’ ह्या प्रश्नाला एकशब्दी उत्तर देणारे दोन्ही पक्ष प्रश्नाची फोड न करताच निर्णय देतात. गंतव्य एक असावे, ह्याविषयी तडजोड असू नये. आशयाचा गाभा समान असावा, आणि त्याच्या भोवती प्रदेशाला वाव असावा. आरंभ मात्र मूल जेथे उभे आहे तेथूनच झाला पाहिजे. ह्या तिसऱ्या कलमासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. आदिवासी भागातील शिक्षकाला मुलांच्या भाषेचे व मराठीचे तुलनात्मक व्याकरण शिकविणे, पहिल्या दोनतीन इयत्तांसाठी द्विभाषिक पुस्तके करणे, आणि चुकीच्या मुळाशी असलेले व्याकरण ओळखणारी मूल्यमापनपद्धती बसविणे, ही कामे विद्यापीठांतील भाषाविभागांच्या आवाक्यातील आहेत. ती होईपर्यंत ‘वीट पडला’ असे म्हणणारे मूल नापास होत राहील, आणि त्या नापाशीची नोंद समान अभ्यासक्रमाच्याच रकान्यात होत राहील.