काकाजींच्या घरचा जमाखर्च

धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें गोरोबाकाकांची समाधि आहे. नामांत तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायांखालीं चिखलाबरोबर स्वतःचें मूल तुडविलें गेलें, ही कथा आपण कीर्तनांत ऐकलेली आहे. कीर्तन संपल्यावर भक्ताची तल्लीनता ध्यानांत राहते. पत्नीचा आक्रोश मात्र कथा पुढें नेण्यापुरताच उरतो. सुनीता देशपांडे यांचें ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) वाचतांना आम्हांस त्या माउलीची आठवण झाली.

१९४६ सालीं विवाह झाला तेव्हां पु. ल. देशपांडे यांचें नांव घरोघरीं पोहोंचलें नव्हतें. सुनीताबाई तर बेचाळीसच्या चळवळींत उतरलेल्या, स्वतंत्र बाण्याच्या तरुणी. पुढें ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) व ‘बटाट्याची चाळ’ यांमुळें पु. ल. अवघ्या महाराष्ट्राचे झाले. प्रश्न एवढाच, कीं मग ते घरचे किती उरले? पुस्तकांतील उत्तरांत दुष्टावा कोठेंहि नाहीं. आहे तो लाडावलेल्या प्रतिभावंताचा निष्काळजीपणा, आणि त्याची भरपाई करतां करतां थकलेली, तरीहि सचोटी न सोडणारी स्त्री.

‘तुझे आहे तुजपाशी’मध्यें रसिक काकाजी आणि व्रतस्थ आचार्य समोरासमोर उभे राहतात, व प्रेक्षकांचें प्रेम काकाजींच्या वांट्यास जातें. रंगभूमीवर तें योग्यच. परंतु काकाजींची मैफल रंगते, ती कोणीतरी बैठक घालतें, दिवाबत्ती पाहतें म्हणून. तें ‘कोणीतरी’ या पुस्तकांत बोलूं लागलें आहे.

दोष नाहींत असें नव्हे. फिर्यादी व न्यायाधीश या दोन्ही आसनांवर लेखिका एकट्याच बसल्या आहेत. मात्र स्वतःच्या हट्टी, कठोर स्वभावासहि त्या सोडीत नाहींत, म्हणून निकालावर विश्वास बसतो.

पुस्तक आलें तेव्हां पु. ल. हयात होते. घरचें उणें चव्हाट्यावर कां मांडावें, असा आक्षेप अनेकांनीं घेतला. आमच्या मतें या आक्षेपांत रसिकांचाच स्वार्थ आहे. आपल्या हंशाची किंमत कोणी मोजली, हें आपणांस ऐकावयाचें नसतें. या पुस्तकानें पु. ल. लहान होत नाहींत, ते माणूस होतात.

१२ जून २००० रोजीं, विवाहाच्याच तारखेस, पु. ल. गेले, २००९ सालीं सुनीताबाईहि गेल्या. तेरच्या कथेंत विठ्ठल मूल परत देतो. येथें तसा चमत्कार नाहीं. सरलेल्या वर्षांचा हिशेब तेवढा सुनीताबाईंनीं चोख लिहून ठेविला, आणि तो पतिपत्नींनीं एकत्र बसून वाचण्याजोगा आहे.