‘बनगरवाडी’ : उमापुरातून वाचताना

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) पाऊस पाठ फिरवितो आणि माणदेशातील धनगरांची वाडी ओस पडते. बैल एकच, म्हणून शेकूची बायको जुवाची दुसरी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेते. निसर्ग माणसास कसा वाकवितो, याचे इतके संयत चित्र मराठीत विरळा. परंतु बीड जिल्ह्यातील उमापूरच्या वाचकास ते अर्धेच वाटेल. या जिल्ह्यातील जोडपी दरसाल परमुलखी ऊसतोडीस जातात. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून ‘एक कोयता’. अवर्षणी मुलखातला माणूस जातो तो अतोनात पाणी पिणाऱ्या पिकाकडे. आणि ते पीक कालवे व कारखाने उभारून माणसानेच वाढविले. बनगरवाडीत दोष आभाळाचा. येथे तो आभाळावर ढकलून मोकळे होता येत नाही. कादंबरीचा मोठेपणा याने उणावत नाही. वाचकाची जबाबदारी मात्र वाढते.