गप्प यंत्राचं ऐकणं

कान वाहतोय, वाहू दे, असं म्हणत आपल्या खेड्यांत दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं ते अशाच गावकऱ्यांसाठी. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी कानामागचं हाड कोरणं ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची नित्याची शस्त्रक्रिया. तिच्यात एक ऐकण्यासारखी गोष्ट आहे.

त्याच हाडातल्या अरुंद बोगद्यातून फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहरा हलवणारी नस, जाते. कोलेस्टिअटोमाने, म्हणजे कानात साचत जाणाऱ्या कातडीच्या गाठीने, हाड खाल्लं असेल तर ती उघडीच पडलेली असते. तिथे ड्रिल घसरलं की तोंड वाकडं होतं. चूळ भरताना पाणी ओघळतं, डोळा मिटत नाही आणि वावरातली धूळ थेट बुबुळावर बसते.

म्हणून डोळ्याभोवतीच्या आणि ओठांच्या स्नायूंत बारीक सुया टोचतात. स्नायूतली विजेची हालचाल यंत्र आवाजात ऐकवतं. नसेला निसटता स्पर्श झाला तर तबल्यावरच्या सुट्या थापेसारखा एकच ठोका येतो. ती ताणली गेली किंवा ड्रिलने तापली, तर तडतड लांबत जाते. मग हात थांबतो, पाणी सोडलं जातं. 1898 मध्ये जर्मन सर्जन फेडोर क्राउझे यांनी नसेला विजेचा झटका देऊन चेहऱ्याचं आकुंचन डोळ्यांनी टिपलं होतं. आज तेच काम कानांवर आलंय.

खरी गंमत मात्र यंत्र गप्प असतं तेव्हाची. नस दूर आहे म्हणून ते गप्प असेल, किंवा सुई निसटली म्हणून. भूलतज्ज्ञांनी दिलेलं स्नायू सैल करणारं औषध अजून उतरलं नसेल. कानामागे टोचलेल्या लिग्नोकेनने नसच बधिर झाली असेल. धारदार पात्याने नस एका झटक्यात कापली, तरी यंत्र फारसं बोलत नाही. पाचही वेळा शांतता तीच.

म्हणून जाणता सर्जन आधी प्रोबने नस जिथे नक्की आहे तिथे बारीकसा विद्युतप्रवाह देतो. उत्तर आलं, की मगच बाकीच्या जागांवरच्या मौनाला किंमत. नस कुठे असावी हे हाडाच्या खुणांवरून त्याला आधी ठाऊक असावं लागतं. यंत्र साक्ष देतं. उलटतपासणी त्यानेच घ्यायची.

निकालही यंत्र देत नाही. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला सांगतात, "डोळे घट्ट मिटा, दात दाखवा."