'देअर इज नो इव्हिल': नकाराला किती पडतं?

मिलग्रामचा प्रयोग तुम्ही वाचला असेलच. १९६३च्या त्या शोधनिबंधात ४० पैकी २६ जणांनी केवळ सांगितलं म्हणून ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली (शॉक अर्थात खोटे होते). आपण निष्कर्ष पाठ करतो: माणूस हुकूम पाळतो. यात काय सुटतं, ते मला मोहम्मद रसूलोफ यांच्या २०२० सालच्या या इराणी सिनेमात दिसलं.

सिनेमात चार स्वतंत्र कथा आहेत. विषय एकच: सरकारी फाशी आणि ती देणारे हात. पहिल्या कथेतला संसारी माणूस दिवसभर बायको-मुलीसोबत बाजारहाट करतो, पहाटे उठून कामावर जातो आणि एक बटण दाबतो. (शेवट फोडला, पण त्याशिवाय मुद्दा कळला नसता.) पुढे सक्तीच्या लष्करी सेवेतली पोरं येतात. सेवा पूर्ण नाही, तर पासपोर्ट नाही. फाशीचं काम केलं, तर तीन दिवसांची रजा!

इथे फरक बघा. मिलग्रामकडचा माणूस उठून गेला असता तरी मानधन त्याचंच होतं. या पोरांचं मात्र पुढचं आयुष्यच अडतं. म्हणून 'लोक का ऐकतात?' एवढं विचारून भागत नाही. 'नाही म्हणायला किती पडतं, आणि ती किंमत कोण ठरवतं?' हेही विचारावं लागतं.

सिनेमाची उणीव नेमकी इथेच आहे. किंमत ठरवणारे पडद्यावर जवळजवळ नाहीतच. इराणच्या राज्यघटनेनुसार सर्वोच्च सत्ता धर्मगुरूकडे असते आणि न्यायसंस्थेचा प्रमुखही तोच नेमतो. १९८८ मध्ये खोमेनींच्या आदेशावरून हजारो राजकीय कैदी मारले गेले. तेहरानमध्ये त्यांचा फैसला करणाऱ्या समितीतले इब्राहिम रईसी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. ही वरची साखळी न दाखवल्यामुळे सगळा नैतिक भार विशीतल्या शिपायावर पडतो. तिसऱ्या कथेतला योगायोगही मला ओढूनताणून आणलेला वाटला.

तरी सिनेमा बघाच. रसूलोफ यांनी तो बंदी असताना लपूनछपून केला. बर्लिनला 'गोल्डन बेअर' मिळाला, तेव्हा देश सोडायची परवानगी नसल्याने ते हजर नव्हते. नकाराची किंमत त्यांनी स्वतः मोजली आहे.

आणि उद्या फाशीच्या आकड्यांचा तक्ता समोर आला, की एक लक्षात ठेवा. ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्यांच्यासाठी त्यात रकानाच नसतो. तो तुम्हाला शोधावा लागेल.