छंद अनेक, विषय एक

नोकरींतून निवृत्त झालेले व प्रपंचाच्या व्यापांतून कांहींसे मोकळे झालेले सुशिक्षित गृहस्थ संशोधनासाठीं कोणता विषय घ्यावा असें विचारूं लागले, म्हणजे त्यांना बहुधा एकच उत्तर मिळतें: जो सर्वांत आवडता असेल तो घ्या. हा उपदेश ऐकावयास गोड खरा, पण आमच्या मतें निरुपयोगी. ज्याला जन्मभर इतिहास आवडला, ओव्या आवडल्या, जुनीं नाणींही आवडलीं, त्यानें आवडीच्या तराजूंत काय काय तोलावें? आमचींच टिपणें याच घोळांत कित्येक वर्षें पेटींत पडून आहेत.

पांडुरंग वामन काणे यांचें उदाहरण या बाबतींत नेहमीं दिलें जातें, आणि बहुधा उलटें वाचलें जातें. धर्मशास्त्राच्या इतिहासावरचा त्यांचा पांच खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९३० ते १९६२ या काळांत प्रसिद्ध झाला. तो पाहून वाटतें, कीं काण्यांनीं तरुणपणींच एक विषय हेरून बाकीच्यांकडे पाठ फिरविली असावी. वस्तुस्थिति निराळी आहे. मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करणाऱ्या या पंडितांचा अलंकारशास्त्र, ज्योतिष, प्राचीन भूगोल अशा अनेक प्रांतांत संचार होता. ‘साहित्यदर्पणा’ला जोडलेल्या प्रस्तावनेंतून त्यांचा संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास वाढला, आणि ‘व्यवहारमयूखा’चें संपादन करतांना धर्मशास्त्राच्या इतिहासाची जी प्रस्तावना लिहावयाची होती, ती प्रस्तावनेंत मावेना, म्हणून तो प्रचंड ग्रंथ जन्मास आला. विषय काण्यांनीं निवडला असें म्हणण्यापेक्षां हातांतल्या लहान कामानें तो त्यांच्या गळ्यांत घातला, असें म्हणणें अधिक खरें.

यावर कोणी राजवाड्यांचें नांव घेईल. व्याकरण, ज्ञानेश्वरी, विवाहसंस्था. त्यांनीं काय वर्ज्य केलें? कांहींच नाहीं. परंतु त्यांच्या कित्येक सिद्धांतांना पुढील अभ्यासकांनीं रजा दिली. १८९८ पासून छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांना मात्र ती कोणाला देतां आली नाहीं. पायाखालीं दप्तर होतें तोंवर राजवाडे अढळ होते.

हीच कसोटी एखाद्या आडवळणाच्या गांवीं लावून पाहूं. पोलादपूर तालुक्याच्या डोंगरांत कुडपण आहे. परंपरा तें शेलारमामांचें गांव मानते, आणि तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ त्याच तालुक्यांत आहे. मुंबईंत उमर काढून कुडपणास परतलेला एखादा गृहस्थ कल्पा. त्याला शिवकालाचें वेड, जात्यावरच्या ओव्यांचा नाद, नाचणीच्या शेतीचें कुतूहल. ‘शिवकाल’ हा विषय घेईल तर पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांतलें तेंच पुन्हां उतरून काढील. त्याऐवजीं त्यानें एक प्रश्न घ्यावा. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडच्या लढाईंत तानाजी पडल्यावर, सभासदाच्या बखरींत मोहीम सांभाळतो तो सूर्याजी. शेलारमामांना मानाचें पान मिळतें तें तुळशीदासाच्या पोवाड्यांत. मग कुडपणांत त्यांची आठवण कोणत्या घरांत, कोणत्या जागेशीं, कोणत्या शब्दांत उरली आहे? याचें उत्तर कोणत्याही ग्रंथालयांत नाहीं. तें गांवच्या वृद्ध बायांना विचारावें लागेल, आणि त्यांतल्या किती जणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांगावयास असतील कोण जाणे. या एका प्रश्नांत इतिहासही येतो, ओवीही येते. नाचणी बाहेर राहते. तिची खंत करूं नये.

अडचण पुढेंच आहे. गांवांत जी कथा सांगतात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नसून छापील पोवाड्यांतून व शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून तेथें परत पोंचलेली आहे, असेंही निघूं शकेल. ज्या घरीं त्यानें चहा घेतला, ज्यांनीं त्याला आपला मानून सारें सांगितलें, त्यांच्यासमोर त्याला तें वाचून दाखवावें लागेल. आमचे बरेच स्थानिक इतिहासकार नेमके या उंबऱ्यावरून माघारी वळतात, आणि मग त्यांना एकाएकीं नाण्यांची आवड आठवते.