रुमाल न सोडणारे कादंबरीकार

२०२५ साली 'छावा' पडद्यावर आला आणि शिवाजी सावंतांची १९७९ची कादंबरी पुन्हा दुकानांच्या दर्शनी फळीवर आली. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिच्या शेजारी मांडलेल्या नव्या कोऱ्या, जाडजूड चरित्र-कादंबऱ्यांना. त्यांत नायक एका पानावर स्वगत म्हणतो, पुढच्या पानावर तलवार उपसतो, आणि घोड्याला दाणा-वैरण कुठून येते याची फिकीर कुणालाच नसते. वा. सी. बेंद्र्यांनी संभाजी महाराजांवरचा काळिमा पुसला, त्यानंतर सावंतांनी लेखणी उचलली. आजच्यांच्या पाठीशी कुणाचं संशोधन आहे? रणजित देसायांनी पुराव्यांची चिकित्सा करणारं कुरुंदकरांचं दीर्घ पत्र 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून जोडलं. आजच्या प्रस्तावना म्हणजे लग्नातले आहेर.

देसायांच्याच 'स्वामी'तला हळवेपणा मला आता सोसत नाही. नाथमाधव शाळेतच सुटले. 'पानिपत'चा आवाका मोठा, पण त्यातलं ऊर बडवणं त्याहून मोठं.

ना. सं. इनामदारांची गोष्ट वेगळी. त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर, दुसरा बाजीराव... त्यांनी निकाल लागलेले खटले पुन्हा उभे केले. वकिली थोडी जास्त झाली, पण पक्षकार निवडण्यातच हिंमत होती.

आणि नंदा खरे! 'अंताजीची बखर' वाचून ज्याला आपल्या जुन्या कपाटाची लाज वाटली नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. अंताजी शूर नाही, पापभीरू तर नाहीच. तो जगतो, चरतो, पळतो आणि तिरकस बोलतो. बखरीचा घाट घेऊन खऱ्यांनी बखरीतलाच गौरव उलटा टांगला. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४० नंतरच्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथल्या अंगाईगीतात हे मराठा स्वार, 'बर्गी', अजून मुलांना भेवडावतात, आणि आम्ही अटकेपारच्या झेंड्यापलीकडे जात नाही. लुटणारा मराठा आमच्या कादंबरीत आणला तो खऱ्यांनी, तोही हसत हसत.

ही वाट पुढे कुणी चाललं नाही. का? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. वतनाचे तंटे, रोजकीर्दी, सावकारांची देणी, कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री. विकल्या गेलेल्या एका कुणबिणीवर बेतलेली कादंबरी दाखवा, मी हा लेख मागे घेतो. लोकांच्या भावना दुखावतील, असं उत्तर येतं. २००४ साली शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला हे मीही विसरलेलो नाही. पण खऱ्यांची 'बखर अंतकाळाची' त्यानंतरचीच आहे. तेव्हा भीतीच्या आड आळस लपवू नका. मोडी शिकायची नाही, रुमाल सोडायचा नाही, नायकाच्या खर्चाची एक ओळ तपासायची नाही, आणि तरी मुखपृष्ठावर 'ऐतिहासिक कादंबरी' छापायचं? मग ती तशीच म्हणून वाचण्याची सक्ती माझ्यावर का?