खेळण्यांची संशोधित आवृत्ती
‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’च्या नव्या प्रतिमा आणि संग्राहकाची दृष्टी

१

खेळणे हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या खेळण्याबरोबर कथा दिली जाते, ज्याच्या प्रत्येक पात्रास नाव असते आणि ज्याच्या निरनिराळ्या प्रतींतील भेद चिकाटीने टिपणारे लोक असतात, ते खेळणे संहितेच्या जवळ जाऊन पोचलेले असते. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेली ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही अद्भुतकथेवर आधारलेली मालिका, आणि तिच्या आधाराने २००८ पासून ‘क्लासिक्स’ व २०२० पासून ‘ओरिजिन्स’ या नावांनी विक्रीस आलेल्या नव्या प्रतिमा, हे याचे ठळक उदाहरण होय. या प्रतिमांचे ग्राहक बहुतांशी मुले नसून प्रौढ संग्राहक आहेत. ही प्रवृत्ती पोरकट म्हणून झिडकारणे जितके सोपे, तितकेच स्मृतिरंजन म्हणून गोंजारणेही सोपे आहे. या दोन्ही वाटा टाळून तिचे स्वरूप पाहावयास हवे.

२

प्रथम नावाचा प्रश्न. ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ या सैनिकासाठी रूढ केला. मुलगे ‘डॉल’ घेणार नाहीत, म्हणून वस्तू तीच ठेवून नाव तेवढे बदलले. पुढे हा नामभेद न्यायालयातही गेला. अमेरिकेच्या जकात नियमांत मानवाकृती बाहुल्यांवर १२ टक्के, तर इतर खेळण्यांवर ६.८ टक्के कर होता. ‘एक्स-मेन’च्या प्रतिमा मानवाच्या नव्हेत, म्हणून त्या बाहुल्या नव्हेत, हा निर्माती कंपनीचा युक्तिवाद २००३ मध्ये तेथील न्यायालयाने मान्य केला. शब्दाचा अर्थ व्यवहाराच्या सोयीने कसा आखला जातो, याचा इतका स्वच्छ नमुना विरळा.

मराठीत या वस्तूस निर्विवाद असा शब्द नाही. ‘बाहुला’ म्हटले की बाहुलीच्या लग्नातील नवरा डोळ्यांपुढे येतो. ‘मूर्ती’ला पूजेचा वास आहे आणि ‘पुतळा’ चौकात उभा राहतो. दिवाळीतील किल्ल्यावर मुले जे मातीचे मावळे मांडतात, त्यांना मात्र कित्येक घरांत ‘चित्रे’ म्हणतात. चित्र हे सपाटच असले पाहिजे, असा दंडक या प्रयोगात नाही. सोलापुरात मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या तेलुगू भाषेतही ‘बोम्म’ हा एकच शब्द चित्र आणि बाहुली या दोन्ही अर्थांनी चालतो. तेव्हा ज्या नगरीत मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत कानी पडतात, तेथे परक्या शब्दाची उसनवारी करण्यापूर्वी घरातील शब्द तपासून पाहणे अधिक श्रेयस्कर होय.

३

आता प्रतिमांकडे वळू. मूळ ‘ही-मॅन’ साडेपाच इंच उंचीचा होता. त्याचे कोपर वाकत नसे. त्याच्या ठायी एकच करामत होती: कंबर पिळून सोडली की आतील स्प्रिंगमुळे धड गरकन फिरे व ठोसा बसे. ‘ओरिजिन्स’ प्रतिमेने उंची तीच राखली, वेष्टनाचे वळणही जुनेच ठेवले. परंतु कोपर, गुडघे व घोटे वाकते केले आणि कमरेतील स्प्रिंग काढून टाकली. परिणामी जुना ‘ही-मॅन’ एकच क्रिया करी, पण ती स्वतः करी. नवा हवी ती भंगी धारण करतो, पण स्वतः काहीच करीत नाही. तो खेळण्यासाठी नसून मांडण्यासाठी घडविलेला आहे. ‘ॲक्शन’ हा शब्द नावात टिकला आणि वस्तूतून गेला.

ही नवी प्रतिमा म्हणजे जुन्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण नव्हे. ती संशोधित आवृत्ती आहे. येथे पाठचिकित्सेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत उपलब्ध पोथ्यांवरून गाठता येईल तो प्राचीनतम पाठ स्वीकारला आणि वगळलेले पाठ तळटीपांत नोंदविले. खेळण्याच्या संपादकाची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तो प्रौढ ग्राहकाच्या स्मृतीत जो ‘ही-मॅन’ वसत आहे, त्याची प्रत काढतो, आणि आपण काय वगळले याची तळटीप देत नाही. वस्तुतः १९८२ च्या खेळण्याबरोबर आलेल्या छोट्या चित्रपुस्तिकांत राजपुत्र ॲडम नाहीच. तेथे ‘ही-मॅन’ हा अरण्यातील टोळी सोडून निघालेला योद्धा आहे, आणि तलवारीचे दोन अर्धे नायक व प्रतिनायक यांच्यात विभागलेले आहेत. राजपुत्राचे रूपांतर सर्वतोमुखी झाले, ते प्रामुख्याने १९८३ च्या चित्रमालिकेमुळे. म्हणजे जो पाठ आज ‘मूळ’ म्हणून गौरविला जातो, तो बव्हंशी प्रक्षिप्त आहे. प्रक्षेप लोकप्रिय झाला म्हणून तो दोषास्पद ठरत नाही. परंतु त्यास ‘ओरिजिन’ म्हणणे हा शब्दाचा अपवापर होय.

४

हा प्रश्न भारतीय वाचकास निकटचा वाटावा असे आणखी एक कारण आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही मालिका दूरदर्शनवर दिसली, आणि ‘लिओ’ या नावाखाली याच प्रतिमा परवान्याने भारतात तयार होऊ लागल्या. जागतिक संग्राहकांच्या सूचींत या भारतीय प्रती ‘भेद’ म्हणून नोंदल्या जातात. त्यांचा रंग मूळ अमेरिकन प्रतीहून कोठे व किती वेगळा, यावर त्यांचे मोल ठरते. तथापि ज्या मुलाने भारतीय दुकानातून ती प्रतिमा घेतली, त्याच्या दृष्टीने तोच आद्य पाठ होता. शिवाय हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकांत ‘ही-मॅन’ हे धर्मेंद्र यांचे बिरुद त्याआधीच रूढ झालेले होते. म्हणजे नावदेखील येथे कोरे आले नाही. नव्या आवृत्तीत या वाचकपरंपरेस स्थान नाही. प्रमाण पाठ कोणाच्या बालपणावरून ठरवावा, हा येथील खरा वाद आहे, आणि तो केवळ खेळण्यांपुरता नाही.

५

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात आधुनिक खेळण्यांवर असा आक्षेप घेतला की, ती मुलास निर्माता न करता मालक करतात. वेष्टन न उघडता प्रतिमा जपणारा संग्राहक हा या मालकीचा परमावधी होय; ग्रंथाची पाने न फाडता तो कपाटात ठेवावा, तसा हा प्रकार. तथापि या टीकेस मर्यादा आहे. न खेळता मांडण्याची परंपरा दक्षिणेत परकी नाही. तेलुगू प्रदेशातील ‘बोम्मल कोलुवु’ व कन्नड प्रदेशातील दसऱ्याच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या जातात, पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात, आणि त्यांत नवी भर पडत राहते. त्या मांडणीत मात्र शेजारपाजार बोलावलेला असतो. ‘कोलुवु’ म्हणजे दरबार, आणि दरबार बंद पेटीत भरत नाही.

याच्या दुसऱ्या टोकास किल्ल्यावरची मातीची चित्रे आहेत. ती खेळली जातात, भिजतात, फुटतात. पुढल्या दिवाळीस नवी येतात. त्यांना कोणी आवृत्ती म्हणत नाही, आणि म्हणूनच जुन्या चित्रांचे साचे, रंग व नावे यांची नोंदही सहसा कोणी ठेवीत नाही. बंद वेष्टनात वस्तू टिकते व खेळ संपतो. मातीच्या मावळ्यात खेळ टिकतो व वस्तू संपते. पुण्यातील केळकर संग्रहालय नित्य वापरातील वस्तूंनी भरलेले आहे, आणि त्यास अकाली गेलेल्या पुत्राचे ‘राजा’ हे नाव आहे. संग्रहाच्या मुळाशी हरवलेले बालपण असू शकते, आणि तरीही त्यातून ज्ञान उभे राहते, हे त्यावरून ध्यानी यावे.

संग्राहकाच्या सूचीत जी बारकाई आहे, साच्यावरील खूण, रंगातील भेद, वेष्टनावरील मजकूर, ती वर्णनात्मक अभ्यासाचीच शिस्त होय. तिचा दोष इतकाच की ती विक्रीयोग्य वस्तूंवरच खर्च होते. सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, दर संक्रांतीस खेळण्यांची दुकाने लागतात. तेथील खेळण्यांना तीन भाषांत कोणती नावे आहेत, याची तशीच सूची झाली, तर ‘ही-मॅन’च्या संग्राहकाकडून विद्यापीठाने काही घेतले असे म्हणता येईल.